घरपट्टी कोणी भरावी?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, ज्ञातीचा पूर्वेतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. यंदा कार्यवाहांनी आम्हांस पाचारण केले तेव्हा आम्ही विषय सांगितला, 'घरपट्टी'. ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "प्रसंगाला शोभेल असं काही नाही का सुचत?" आम्ही त्यांस इतकेच म्हणालो की, अलीकडे आपल्या ज्ञातिबांधवांत ज्या कुरबुरी समेटासाठी आमच्या दारी आल्या, त्यांपैकी लग्नकार्यातील मानपानाच्या थोड्या आणि घरभाड्याच्या अधिक होत्या. ज्या गोष्टीने माणसे एकमेकांस दुरावतात ती क्षुल्लक मानणे बरे नव्हे.

आपल्या पुण्यातील कुटुंबांची आजची स्थिती आपण सर्व जाणताच. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून बांधलेला दुमजली बंगला असतो. मुले बंगळुरास, नाही तर परदेशी. खाली एकटी आई किंवा वृद्ध जोडपे, आणि वर चार खोल्या कुलूपबंद. दुसरीकडे ज्ञातीतीलच एखादा होतकरू मुलगा नोकरीनिमित्त सोलापुराहून वा नगराहून येतो आणि डोके टेकावयास जागा शोधतो. याच सभागृहात, याच संमेलनात दोघांची गाठ पडते. मग बाहेरून जिना काढावयाचा, गच्चीकडील सज्ज्यात ओटा घालावयाचा, विजेचा मीटर निराळा घ्यावयाचा, आणि एका घराची दोन घरे करावयाची. यात गैर काही नाही. म्हातारपणी सोबत होते, चार पैसे येतात, आणि मुलाची सोय होते. परंतु एका घराची दोन घरे झाली की पट्टीचेही दोन प्रश्न उभे राहतात, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानी येत नाही.

आमच्या निकटच्या परिचयातील एक उदाहरण सांगतो. नावे अर्थातच सांगणार नाही.

एका शिक्षकाच्या विधवा पत्नी, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, खालच्या मजल्यावर राहत. वरचा मजला त्यांनी असाच वेगळा करून घेतला. पहिले वर्षभर तेथे कोणी दुसरेच बिऱ्हाडकरू होते. ते गेल्यावर आमच्याच ओळखीने ज्ञातीतील एक तरुण दांपत्य राहावयास आले. कागद केला नाही. "आपल्यातलाच मुलगा आहे, कागद कसला करायचा?" असे मावशी म्हणाल्या आणि आम्हीही मान डोलावली. दोन वर्षे उत्तम गेली. मावशींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्या मुलीने महिनाभर दोन्ही वेळचे जेवण खाली नेऊन दिले.

तिसऱ्या वर्षी महापालिकेचे मोजणीदार आले. त्यांनी बाहेरचा जिना पाहिला, दोन स्वयंपाकघरे पाहिली, दोन मीटर पाहिले, आणि नोंद करून गेले. काही महिन्यांनी दुरुस्त आकारणीचे बिल आले. वरच्या मजल्यापुरता कर वर्षाला नऊ हजार रुपये होता, तो पंधरा हजार झाला होता. आणि वाढ लागू केली होती ती मजला वेगळा झाल्या दिवसापासून. तीन वर्षांच्या फरकाचे अठरा हजार रुपये एकरकमी मागितले होते.

मावशी बिल घेऊन वर गेल्या. मुलगा म्हणाला, "मावशी, ठरलेल्या भाड्यात सगळं आलं, असंच मी समजत होतो." मावशी म्हणाल्या, "अरे, रस्त्यावरचे दिवे तुलाही लागतात, झाडूवाला तुझ्याही दारापुढं झाडतो. मग पट्टी एकट्या माझ्यावर का रे?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. पट्टीच्या बिलात सर्वसाधारण कर असतो, सफाईचा असतो, अग्निशमनाचा असतो, वृक्षांचा असतो, शिक्षणाचा असतो. आणि या सोयी घराच्या मालकापेक्षा घरात राहणाराच अधिक भोगतो. तथापि भाडे ठरविताना जो शब्द निघालाच नाही, तो मागाहून कसा जोडावा?

वाद आमच्याकडे आला. आम्ही वडीलकीच्या थाटात निवाडा दिला की, दोघांनी निम्मे निम्मे भरावे. सोपा निवाडा होता, आणि म्हणूनच चुकीचा होता. अठरा हजारांपैकी सहा हजार तर त्या दांपत्याने घरात पाऊल टाकण्यापूर्वीच्या वर्षाचे होते. मुलाने एक शब्द न बोलता नऊ हजार रुपये आणून ठेवले, आणि दोन महिन्यांत जागा सोडली. त्यानंतर आम्ही वकिलाकडे गेलो. कायदा काय सांगतो ते आम्ही आधी पाहावयास हवे होते, ते नंतर पाहिले. आमची ही चूक आपणांपुढे कबूल करावी, हाच या भाषणाचा मुख्य हेतू आहे.

आता कायदा पाहू. मुंबई सोडून राज्यातील इतर महानगरपालिकांस १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याचे सांगणे सरळ आहे. जागा भाड्याने दिली असेल तर मालमत्ता कराची प्राथमिक जबाबदारी भाड्याने देणाऱ्याची. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला असेल तरीही ती वरच्या मूळ देणाऱ्याचीच. जागा भाड्याने दिलेली नसेल तर ती देण्याचा ज्याला हक्क, त्याची. आजकाल आपण जो करार करतो तो बहुधा भाडेपट्टा नसून 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे वापराचा परवाना असतो. परंतु त्यानेही उत्तर बदलत नाही, कारण जागा देण्याचा हक्क मालकाकडेच राहतो. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमातही तत्त्व हेच आहे. सबब, महापालिकेच्या दृष्टीने त्या बिलाचे उत्तरदायित्व मावशींचे होते.

मग राहणाऱ्यास भीती नाही काय? थोडी आहे. मालकाने बिल थकविले तर महापालिका भोगवटादारावर, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्यावर, ते बजावू शकते. मात्र तो ज्या काळात तेथे राहत नव्हता त्या काळाची थकबाकी त्याच्याकडून वसूल करता येत नाही; आणि त्याने जे भरले त्याची वजावट त्याला मालकाच्या देण्यातून मिळण्याचा हक्क असतो. पट्टी हा त्या वास्तूवरील पहिला बोजा आहे. म्हणजे माणसे बदलली तरी देणे घराला चिकटून राहते. वेळेवर न भरल्यास पुण्यात दरमहा दोन टक्के शास्ती चढते, हेही विसरू नये.

दुसरा मुद्दा सवलतीचा. घरमालक स्वतः राहत असेल तर त्याला करात ४० टक्के सूट देण्याची प्रथा पुणे महापालिकेत १९७० पासून चालत आली. मध्यंतरी शासनाने ती रद्द केली होती. २०२३ साली पुन्हा मान्य केली. ही सूट स्वतः राहणाऱ्यासाठी आहे. घर भाड्याने दिले की तेवढ्या भागाची सूट जाते. येथे हिशेबात पुष्कळांची फसगत होते. पंधरा हजारांवर ४० टक्के सूट म्हणजे नऊ हजार. पण सूट गेली की नवाचे पंधरा होतात, म्हणजे वाढ ४० टक्क्यांची नसून सुमारे ६७ टक्क्यांची होते. भाडे ठरविताना मालकाने ही वाढ मनात धरली पाहिजे. ती धरून भाडे सांगितले तर कोणी नावे ठेवणार नाही. दोन वर्षांनी मागितली तर सारेच ठेवतात.

तिसरा मुद्दा बांधकामाचा. जिना, ओटा, सज्जा बंद करणे ही कामे पुष्कळदा परवानगीविना होतात. विनापरवाना बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती बसविण्याची तरतूद या अधिनियमात करण्यात आली. निवासी घरांपुरती ती पुढे सैल केली गेली. पिंपरी-चिंचवडच्या घरमालकांनी हिचा ताप दीर्घकाळ सोसला, आणि २०२३ साली तेथील शास्ती माफ झाली. परंतु ध्यानात घ्यावे की, अशी शास्ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. आणि हा दंड राहणाऱ्याच्या माथी मारणे कोणत्याही न्यायात बसत नाही. भिंत ज्याने घातली त्यानेच तिचा दंड सोसावा.

चौथा मुद्दा प्राप्तिकराचा. घरभाड्याच्या उत्पन्नातून पट्टीची वजावट मिळते; पण ती मालकाने स्वतः सोसलेली आणि त्याच वर्षी प्रत्यक्ष भरलेली असेल तरच. भाडेकरूने परस्पर पट्टी भरली तर मालकास ही वजावट मिळत नाही. म्हणून आमचे मत असे झाले आहे की, पट्टी मालकाने आपल्या नावे भरावी आणि तिचा भार भाड्यातच धरावा. त्यात दोघांचीही सोय आहे.

काही मालकांस उलट धास्ती असते की, बिऱ्हाडकरूने पट्टी भरली तर उद्या तो घरावर हक्क सांगेल. ही धास्ती अनाठायी आहे. पट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, ही गोष्ट न्यायालयांनी अनेकवार स्पष्ट केली आहे. त्याचप्रमाणे महापालिकेच्या पुस्तकात भोगवटादार म्हणून नाव लागले एवढ्यावरून कोणी मालक होत नाही. या भीतीपोटी बिऱ्हाड लपविणे मात्र महागात पडते. मावशींना पडले तसे.

आता राहिला कागद. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, असा समज घरोघर आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ चा भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यानुसार भाड्याचा वा परवान्याचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास दंड वा कैदेची शिक्षा सांगितली आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, नोंदलेला करार नसेल तर अटींविषयी राहणारा जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपावेतो, खरे धरले जाते. मावशींचा मुलगा कोर्टात गेला असता तर "भाड्यात सगळं आलं" हेच त्याचे वाक्य ग्राह्य धरले गेले असते. तो गेला नाही, हा त्याच्या संस्काराचा मोठेपणा. आम्ही मात्र त्याच्या भिडस्तपणावर आपला निवाडा उभा केला होता.

जुन्या भाडेकरूंविषयीही एक वाक्य सांगतो. ज्यांना भाडे नियंत्रणाचे संरक्षण आहे, त्यांच्या बाबतीत नवा कर लागला किंवा चालू कर वाढला तर मालकास तेवढ्यापुरते भाडे वाढविता येते. वाढ मात्र त्या कराच्या रकमेहून अधिक असता कामा नये.

बंधुभगिनींनो, "आपल्यातलाच आहे" हे वाक्य आपण विश्वासाचे लक्षण मानतो. आमचा अनुभव असा की, परक्याशी व्यवहार करताना आपण चार प्रश्न विचारतो, आणि आपल्याशी करताना विचारावयास लाजतो. परक्याशी भांडण झाले तर एक बिऱ्हाड जाते. आपल्यातल्याशी झाले तर दोन घरांचे येणेजाणे जाते. कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या गोष्टी उद्या बोलताना जड जातील त्या आजच, मन मोकळे असताना, बोलून घेणे एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून जागा देताना आणि घेताना तीनच प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. पहिला, पट्टी भाड्यात आली की निराळी, आणि वाढली तर वाढ कोणाची? दुसरा, आजपर्यंतची पट्टी भरली आहे काय, आणि शेवटची पावती दाखविता काय? तिसरा, हा भाग वेगळा केल्याची नोंद महापालिकेत आहे काय, आणि नसल्यास तिचे परिणाम कोण सोसणार? उत्तरे करारात लिहावीत, करार नोंदवावा, आणि मग चहा घ्यावा.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या कार्यालयात वधूवरांची नोंदवही आहे. तिच्या शेजारी जागांची एक नोंदवही ठेवावी, आणि वकिलाकडून तपासून घेतलेला कराराचा एक नमुना तिच्यात चिकटवून ठेवावा. ज्ञातीतील वकीलमंडळींनी महिन्यातून एक सायंकाळ यासाठी दिली तर पुष्कळ घरे वाचतील.

मावशींनी पुढे आपणहून त्या मुलाचे नऊ हजार रुपये परत पाठविले. आमच्याच हाती पाठविले. त्याने ते घेतले, आम्हांस चहा दिला, मावशींच्या गुडघ्याची चौकशी केली. परंतु यंदाच्या हळदीकुंकवास ती मुलगी आली नाही, आणि मावशींनी दोनदा दाराकडे पाहिलेले आम्ही पाहिले. पैसे परत करता येतात. दारातला तो पायरव मात्र कोणत्या पावतीवर परत मिळतो, ते आम्हांस अद्याप कळलेले नाही.