बँकेच्या नावाने येणारी खोटी पत्रे

वर बँकेचे बोधचिन्ह, खाली अधिकाऱ्याचे पदनाम आणि मजकुरात इशारा: चोवीस तासांत माहिती अद्ययावत न केल्यास खाते गोठविण्यात येईल. असा ई-मेल ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या संगणकावर येतो, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात खात्याची काळजी उभी राहते. पत्र धाडणारा कोण, हा प्रश्न मागे पडतो. फसविणाऱ्यास हेच हवे असते.

पूर्वी अशी पत्रे अशुद्ध भाषेवरून ओळखू येत. आता भाषा निर्दोष असते, आणि बोधचिन्ह तर कोणासही उतरविता येते. म्हणून परीक्षा पत्त्याची करावी. इंग्रजीतील ‘आर’ व ‘एन’ ही लहान अक्षरे शेजारी आली की ‘एम’ भासतात! रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नामकक्षेत नेण्यास सांगितले होते. ही अक्षरे संकेतस्थळाच्या नावाच्या अगदी शेवटी असावीत. मध्येच ‘बँक’ शब्द असणे पुरेसे नव्हे. शंका आल्यास पत्रातील दुवा उघडू नये, पासबुकावरील दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करावी.

रक्कम गेलीच, तर १९३० या क्रमांकावर आणि बँकेस तत्काळ कळवावे. ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक सांगितला असल्यास बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, नंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहणाऱ्यास ते महाग पडते.