तेरा वजा नऊचा पाठ



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून पाठ टाचणाविषयी बोलणे काहींना रसभंग वाटेल. पण अध्यापक महाविद्यालयात याहून जिव्हाळ्याचा विषय कोणता? म्हणून आज जपानमधल्या एका छात्राध्यापकाच्या महिन्याभराकडे पाहू. हा कोणी एक ठरावीक तरुण नव्हे. तिथल्या प्राथमिक शाळांत दरवर्षी असे कितीतरी जण हातात वही घेऊन दाखल होतात.

जपानमध्ये शिक्षक व्हायचे तर विद्यापीठातल्या शिक्षणाबरोबर साधारण तीन ते चार आठवडे शाळेत काढावे लागतात. शिक्षक घडवणाऱ्या राष्ट्रीय विद्यापीठांच्या स्वतःच्या संलग्न शाळा असतात. नवे प्रयोग करणे आणि छात्राध्यापकांना तयार करणे ही दोन्ही त्या शाळांची नेमून दिलेली कामे. ही परंपरा जुनी आहे. 1872 मध्ये टोकियोत पहिली अध्यापक शाळा निघाली. मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने तिथे अख्ख्या वर्गाला एकत्र शिकवण्याची रीत दाखवली आणि पुढच्याच वर्षी त्या संस्थेला प्राथमिक शाळा जोडली गेली. ती आज त्सुकुबा विद्यापीठाची संलग्न प्राथमिक शाळा म्हणून ओळखली जाते. तिथले खुले पाठ पाहायला देशभरातून शिक्षक येतात.

पहिल्या आठवड्यात छात्राध्यापकाने मुख्यतः पाहायचे असते. अभ्यासक्रम तर ठरलेलाच असतो. राष्ट्रीय आराखडा साधारण दहा वर्षांनी सुधारला जातो. 2017 मध्ये जाहीर झालेला आराखडा प्राथमिक शाळांत एप्रिल 2020 पासून लागू झाला. पाठ्यपुस्तके खासगी प्रकाशक काढतात, शिक्षण मंत्रालय ती तपासून मान्य करते आणि मुलांना ती मोफत मिळतात. काय शिकवायचे, किती तासांत शिकवायचे, हे सारे छापून हातात आलेले असते. मग शाळा सुटल्यावर शिक्षक इतका वेळ बसून करतात तरी काय?

ते आकडे निवडतात. पहिलीला दशक सोडवून वजाबाकी शिकवायची आहे. पहिले उदाहरण कोणते घ्यावे? 12 वजा 3 घेतले, तर मूल आधी 2 काढेल, मग आणखी 1, आणि 9 वर येईल. उत्तर बरोबर, पण दहाचा गट फोडण्याची गरज त्याला भासणारच नाही. 11 वजा 9 घेतले, तर ते नऊच्या पुढे दहा, अकरा अशी दोन बोटे मोजून मोकळे होईल. 13 वजा 9 मध्ये मात्र नऊ हा दहाच्या अगदी शेजारी आहे. दहातून नऊ काढले की एक उरतो, त्यात आधीचे तीन मिळवले की चार, ही वाट मुलाला आपोआप दिसण्याची शक्यता इथे जास्त. तिथली पाठ्यपुस्तके या प्रकरणाची सुरुवात बहुधा नऊ वजा करण्यापासूनच करतात. एका वजाबाकीतल्या दोन आकड्यांवर अनुभवी माणसे मन लावून चर्चा करतात, हे ऐकणे त्या छात्राध्यापकाचे खरे शिक्षण.

दुसऱ्या आठवड्यापासून तो स्वतः टाचण लिहू लागतो. हे टाचण बरेच लांब असते. त्यात घटकाचे नाव आणि उद्दिष्टे येतात. या वर्गातली मुले सध्या कुठे आहेत, या घटकाचे मर्म काय आणि तो या मुलांपर्यंत कसा न्यायचा, याचे उतारे येतात. संपूर्ण घटकाचे तासवार नियोजन येते आणि त्यात आजच्या 45 मिनिटांची जागा दाखवलेली असते. तास संपताना फळा कसा दिसेल याचे छोटे रेखाटनही जोडतात, कारण तिथे तास चालू असताना फळा सहसा पुसत नाहीत. डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांच्या निरनिराळ्या रीती, उजवीकडे निष्कर्ष. मागे पडलेल्या मुलाला मान वर करून तासाचा सगळा प्रवास पुन्हा पाहता येतो.

पण त्या टाचणातला सर्वांत मोलाचा रकाना वेगळाच आहे: मुलांचे अपेक्षित प्रतिसाद. 13 वजा 9 विचारल्यावर एखादे मूल तेरापासून एकेक मागे मोजत येईल. दुसरे आधी तीन आणि मग दहातून सहा काढेल. तिसरे दहातून नऊ काढून उरलेला एक तिनात मिळवेल. चौथे नऊपासून पुढे तेरापर्यंत मोजेल. एखाद्याला प्रश्नच कळणार नाही. प्रत्येकापाशी जाऊन काय म्हणायचे, हे आधी लिहून ठेवायचे. मार्गदर्शक शिक्षक हाच रकाना पुन्हा पुन्हा परत पाठवतात: आणखी विचार कर, आणखी एक मूल काय करेल?

आपल्याकडच्या टाचणातही विद्यार्थी कृतीचा रकाना असतो. तिथे बहुतेक वेळा काय लिहिले जाते, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात, विद्यार्थी उत्तर देतात. कोणते उत्तर देतात? चुकीचे दिले तर कोणते आणि का? हा रकाना प्रामाणिकपणे भरायचा तर विषय आणि मूल दोन्ही नीट ठाऊक असावे लागते. नेमकी तीच तर आपली विद्या.

महिन्याच्या शेवटी छात्राध्यापकाचा अभ्यासपाठ असतो. शाळेतले शिक्षक आणि बरोबरचे छात्राध्यापक वर्गात येऊन उभे राहतात. पुष्कळांच्या हाती बैठकीचा तक्ता असतो: कोण कुठे बसले आहे आणि कोणी काय लिहिले, कुठे अडले, काय खोडले, हे त्यावर टिपायचे. म्हणजे नजर मुलांच्या वह्यांवर. शिकवणाराही बाकांमधून फिरताना मुलांच्या रीती पाहून मनाशी क्रम लावत असतो: आधी मोजणाऱ्याला फळ्यापाशी बोलवायचे, मग दहा फोडणाऱ्याला, म्हणजे चर्चा पायरीपायरीने चढेल.

तासानंतरच्या बैठकीत आधी शिकवणारा स्वतः बोलतो. मग निरीक्षक आपापली टिपणे मांडतात आणि शेवटी बाहेरून आलेला जाणकार असेल तर तो. चर्चेत पाठ हा सगळ्यांचा असतो. त्यामुळे अमक्या मुलाने खोडलेली ओळ कोणालाच कशी दिसली नाही, असे मोकळेपणी विचारता येते.

जुग्यो केंक्यू, म्हणजे पाठाचा असा एकत्र अभ्यास, बाहेरच्या जगाला ठळकपणे दिसला तो 1999 मध्ये. टिम्स या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा भाग म्हणून जर्मनी, जपान आणि अमेरिका इथल्या आठवीच्या गणिताच्या 231 तासांचे चित्रीकरण झाले होते. त्यांतले 50 तास जपानचे. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी त्यावर ‘द टीचिंग गॅप’ हे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतही शिक्षक अशा बैठका भरवू लागले.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2018 च्या पाहणीत जपानमधल्या निम्न माध्यमिक शिक्षकांनी आठवड्याला 56 तास काम केल्याचे नोंदवले. सहभागी देशांची सरासरी 38.3 तास होती. त्यात शाळा सुटल्यावरची क्रीडा-छंद मंडळे आणि कार्यालयीन कामे यांचा मोठा वाटा. दमलेल्या शिक्षकाकडून आकड्यांवर चर्चेची अपेक्षा करणे अन्याय्यच आहे. तेव्हा जपानकडून घ्यायचा तो त्यांचा अपेक्षित प्रतिसादांचा रकाना. त्यांचे कामाचे तास घेऊ नयेत.

तो रकाना घ्यायला आपल्याकडे जागा आहे. बी.एड. दोन वर्षांचे झाल्यापासून शाळेतल्या अनुभवासाठी किमान 20 आठवडे राखलेले आहेत, जपानी छात्राध्यापकाच्या कितीतरी पट. या काळात तिघांनी मिळून एकच पाठ आखावा. एकाने शिकवावा, दोघांनी मुलांच्या शेजारी बसून टिपणे घ्यावीत, संध्याकाळी टाचण दुरुस्त करावे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीवर दुसऱ्याने तोच पाठ घ्यावा. यासाठी निधी लागत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांनी पाठांची संख्या मोजताना या दिवसांचा मान राखावा, एवढी विनंती आज त्यांच्यासमोरच करणे योग्य.

आणि ज्यांना हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचे आहे त्यांच्यासाठी: जपान सरकार परदेशी शिक्षकांना सुमारे दीड वर्षाची प्रशिक्षण शिष्यवृत्ती देते. तिला किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो आणि वयाची अटही असते. भारतातून अर्ज जपानी वकिलातीमार्फत जातो. तिथे पोहोचल्यावर सुरुवातीचा काळ जपानी भाषा शिकण्यात जातो. जाहिरात दरवर्षी पाहत राहा.