नोंदवही मिटू नये



लातूरकरांनी मला नांदेडहून बोलावले आणि विषय दिला 'विज्ञानसंशोधन आणि आपला मराठवाडा'. विषय अफाट, वेळ तासाभराचा, आणि मी पडलो मास्तर. मास्तराला घंटा झाल्याचे कळते, पण बोलणे कुठे थांबवावे हे कळत नाही. तेव्हा मी आधीच स्वतःला वेसण घालून घेतली आहे. आकाश, शेत, पाणी आणि जमीन या चार ठिकाणांची एकेक हकीकत सांगायची आणि खाली बसायचे, असे मी ठरवले आहे. या चारही हकीकतींचे सार एकच आहे. ते मात्र मी शेवटी सांगेन. कारण लातूरला परीक्षेचे उत्तर आधी फोडलेले आवडणार नाही!

प्रथम आकाशाकडे वळू. आपले नांदेड आणि लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्या हैदराबादेत १९०१ साली नवाब जफर जंग नावाच्या एका हौशी सरदाराने इंग्लंडात पंधरा इंची दुर्बीण घेतली आणि वेधशाळा उभी केली. त्यांच्या निधनानंतर १९०८ साली ती सरकारकडे आली. तीच निजामिया वेधशाळा. आता योगायोग पाहा. १८८७ साली पॅरिसमध्ये ज्योतिर्विदांची एक परिषद भरली होती आणि साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची जंत्री करायचे तिथे ठरले होते. जगातल्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. शेत वाटून घ्यावे, तसे आकाश वाटून घेतले म्हणा ना! काहींना आपला वाटा झेपला नाही. त्यांतला दक्षिणेकडचा एक पट्टा हैदराबादने उचलला.

हे काम कसले होते? रात्री काचेच्या पट्टीवर आकाशाचे छायाचित्र घ्यायचे. दिवसा ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेका ताऱ्याची जागा मोजायची आणि वहीत लिहायची. पुन्हा दुसरी काच, पुन्हा दुसरी वही. असे करता करता काही लाख तारे नोंदले गेले. त्यात नवा ग्रह सापडला नाही, वर्तमानपत्रात नाव छापून आले नाही. पुढे पुढे तर लोक म्हणू लागले की ही सारी योजनाच फुकट गेली, तरुण ज्योतिर्विदांची उमेदीची वर्षे आकडे उतरवण्यात वाया गेली.

आणि मग काय झाले? १९८९ साली युरोपने 'हिप्पार्कस' नावाचा उपग्रह सोडला. त्याने ताऱ्यांच्या जागा फार अचूक मोजल्या. पण तारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो, हे कळायला तो आज कुठे आहे एवढेच पुरत नाही; तो पूर्वी कुठे होता हेही हवे असते. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्या जुन्या जंत्र्यांवरची धूळ झटकली. २००० साली पंचवीस लाख ताऱ्यांची जी नवी यादी तयार झाली, तिला या जुन्या नोंदींचा मोठा आधार होता. बेगमपेठेत बसून आकडे लिहिणाऱ्याला आपल्या आकड्याचे मोल कळले नाही. ते त्याच्या नातवंडांच्या काळात कळले. ही हकीकत मनात असू द्या.

आता आकाशातून काळ्या रानात उतरू. कापसाचे फूल आपण सर्वांनी पाहिले आहे. सकाळी ते फिकट पिवळे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि गळून जाते. संकरित बियाणे करणारा माणूस या एका दिवसाच्या फुलाशी खेळत असतो. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, तिचे पुंकेसर अलगद काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या दुसऱ्या वाणाचा पराग तिच्यावर हाताने लावायचा. हे एका कळीचे झाले. अशा हजारो कळ्या हाताळाव्या लागतात, आणि हे काम बहुतेक आमच्या आयाबहिणींच्या बोटांनी होते. १९७० साली सुरतेला पहिला व्यापारी संकरित कापूस निघाला. त्यानंतर आमच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात एक संकर दिला. त्याचे नाव एनएचएच-४४. शेतकऱ्याने त्याला घरचे नाव दिले, 'नांदेड चव्वेचाळीस'. कोरडवाहू रानात तग धरणारा, पाऊस लांबला तरी पुन्हा बहरणारा हा वाण एके काळी महाराष्ट्राच्या कितीतरी शिवारांत होता.

२००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीला मारणारे द्रव्य झाड स्वतःच तयार करू लागले. फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले, आणि आमचा 'चव्वेचाळीस' मागे पडला. लोक म्हणाले, बोंडअळीचा प्रश्न सुटला. पण शास्त्रज्ञांनी तेव्हाच एक अट घातली होती. बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे एक छोटे पाकीट येत असे, बिगर-बीटी बियाण्याचे. ते शेताच्या कडेने पेरायचे. कशासाठी? तर विष न चढलेल्या काही अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संग विषाला दाद न देणाऱ्या पतंगांशी व्हावा, आणि अळीच्या जातीला विष पचवायची सवय लागू नये म्हणून. अळी मारायची तर थोड्या अळ्या पाळायच्या, हे शास्त्र शेतकऱ्याच्या गळी कसे उतरावे? उतरवण्याचा प्रयत्न तरी कोणी केला? ते छोटे पाकीट बहुतेकांनी बांधावर फेकले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस फस्त केला, आणि शेतकऱ्याने उभ्या पिकात नांगर घातला. शास्त्र खोटे नव्हते. उत्तर मिळाले म्हणून आपण वही मिटली, एवढेच घडले. पुढे परभणीचे कृषी विद्यापीठ आणि महाबीज यांनी आपला जुना 'चव्वेचाळीस' बीटी करून पुन्हा आणला. पण ही पुढची वहीही उघडी ठेवावी लागेल.

तिसरी हकीकत पाण्याची. नारू हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाही, हे आपले मोठे भाग्य. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे आणि तेच प्यायचे, ही आपली जुनी रीत. त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक पाणपिसू असते आणि तिच्या पोटात नारूची अळी. पाणी प्यायल्यावर वर्षभराने पायाला फोड येई आणि त्यातून हातभर लांबीचा, सुतळीसारखा जंतू बाहेर निघे. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिना-महिना अंथरुणाला खिळे, आणि तेही नेमके खुरपणी-काढणीच्या दिवसांत. आग व्हायला लागली की रोगी पाय पाण्यात बुडवी, आणि त्याच क्षणी जंतूची पिल्ले पुन्हा विहिरीत जात.

या रोगावर लस नव्हती, नेमके औषधही नव्हते. होते ते फक्त ज्ञान. पाणी फडक्याने गाळा. रोग्याला विहिरीत उतरू देऊ नका. पायऱ्या बंद करून कठडा बांधा आणि रहाटाने पाणी काढा. हातपंप बसवा. १९८० च्या दशकाच्या आरंभी देशात मोहीम निघाली. महाराष्ट्र हे नारूने ग्रासलेल्या राज्यांपैकी एक होते. आरोग्यसेवक घरोघर फिरून रोग्यांची नोंद करू लागले. १९९६ साली देशातला शेवटचा रोगी राजस्थानात सापडला. त्यानंतरही नोंद चालूच राहिली, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणपत्र दिले. औषधाच्या एकाही बाटलीवाचून, नुसत्या फडक्याने आणि वहीने जिंकलेली ही लढाई आहे. या लढाईचे पोवाडे व्हायला हवे होते!

पण हकीकत इथे संपत नाही. विहिरीवरून आपण विंधनविहिरीवर गेलो, आणि पाणी खाली गेले तसे आपणही खाली गेलो. इतके खाली गेलो की २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या 'जलदूत' गाडीची वाट पाहिलेली माणसे या सभागृहात बसलेली आहेत. त्यांना मी काय सांगू? जमिनीच्या पोटातले पाणी स्वच्छ दिसते, त्यात पाणपिसू नसते. पण खोल खडकातल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड उतरते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा ते जास्त झाले आणि वर्षानुवर्षे पोटात गेले, की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे वाकतात. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांनी हे भोगले आहे. तोंडाने पाहून ते पाणी ओळखता येत नाही, फडक्याने गाळता येत नाही, उकळून जात नाही. ते मोजावेच लागते. नारूच्या वेळी मोजणारे दारात येत होते. आज तुमच्या गावच्या पाण्याचा आकडा तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

शेवटची हकीकत जमिनीची, आणि ती या गावात बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले, गाव थकून झोपलेले, आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्यांना भूकंपाने मारले त्याहून अधिक दगडमातीच्या भिंतींनी आणि जड माळवदांनी मारले, हे पुढे सर्व अभ्यासकांनी सांगितले. त्या वेळच्या नकाशावर हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवला होता. दख्खनचा कातळ स्थिर, इथे काही होत नाही, हे आपले उत्तर पाठ होते. आणि तरीही १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते! जमीन बोलली होती. ऐकून लिहून ठेवणारी यंत्रे गावाजवळ नव्हती. भूकंप कधी येणार हे आजही कोणी सांगू शकत नाही. पण घरे कशी असू नयेत हे त्या वर्षभरात सांगता आले असते. २००२ साली नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. त्या एका ओळीच्या दुरुस्तीची किंमत आपण किती मोजली आहे, ते तुम्ही जाणता.

आता त्याच कातळावर, किल्लारीपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरवर, औंढा नागनाथाजवळ काय व्हायचे आहे ते ऐका. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होतात, आणि अवकाशाला तरंग उठतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी असा तरंग प्रथम टिपला. चार चार किलोमीटर लांब दोन भुजा, त्यांत प्रकाशकिरण, आणि भुजेच्या लांबीत पडणारा फरक एका प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका! तरंग कोणत्या दिशेने आला हे नेमके सांगायला पृथ्वीवर दूरदूर अशी आणखी यंत्रे हवीत. त्यांतले एक भारतात, औंढ्याजवळ उभे करण्यास एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. जागा निवडताना तिथल्या जमिनीची कंपने मोजून पाहिली. दूर जाणाऱ्या मालमोटारीची थरथरही या यंत्राला खपत नाही.

आणि त्याच हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावचे लोक जमिनीतून आवाज येतात म्हणून वर्षानुवर्षे सांगत आले. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये त्या जिल्ह्यात साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. माझे मागणे इतकेच आहे की, कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची थरथर ऐकायला ज्या मातीवर कान बसवायचा, त्याच मातीवरच्या म्हातारीने सांगितलेली थरथरही कोणीतरी तारीख-वेळ घालून लिहून ठेवावी.

मंडळी, चार हकीकती झाल्या. आता सार सांगतो. आपल्याकडे संशोधन म्हणजे शोध लागणे, असे समजतात. शोध लागला की हार घालतात आणि वही मिटतात. पण ताऱ्याची नोंद ऐंशी वर्षांनी कामाला आली. अळीची नोंद ठेवली नाही, म्हणून पीक गेले. नारूची नोंद शेवटच्या रोग्यानंतरही ठेवली, म्हणून रोग परतला नाही. जमिनीची नोंद नव्हती, त्याचे काय झाले ते सांगायला नको. उत्तर मिळणे हा संशोधनाचा शेवट नव्हे. उत्तर अजून खरे आहे की नाही, हे रोज उठून पाहत राहणे म्हणजे संशोधन.

लातूरने उभ्या महाराष्ट्राला परीक्षा कशी द्यावी हे शिकवले. 'लातूर पॅटर्न' हा शब्द मी नांदेडला अभिमानाने ऐकतो, आणि थोड्या हेव्यानेही! पण परीक्षेत प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि उत्तर ठरलेले असते. संशोधनात प्रश्न आपला असावा लागतो आणि उत्तर कुणालाच ठाऊक नसते. १९९४ साली आपल्या भागासाठी स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने नांदेडला विद्यापीठ झाले. तिथे आणि आपल्या महाविद्यालयांत प्रबंध लिहिले जातात, पदव्या मिळतात, बढत्याही मिळतात. मिळू द्या, पोट सर्वांनाच आहे. परंतु प्रबंध बांधणीला गेला की मोजमाप थांबते, हे माझे दुःख आहे.

म्हणून मी या सभेपुढे एक साधी मागणी ठेवतो. प्रत्येक महाविद्यालयाने आणि जमेल त्या शाळेने एक वही घालावी. तीत गावच्या एका विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला लिहावी. पाऊस रोज मोजावा. पिण्याच्या पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा करून आकडा चावडीवर लावावा. कपाशीवर पहिली गुलाबी अळी कोणत्या तारखेला दिसली ते लिहावे. जमीन हलली, आवाज झाला, तर वेळ लिहावी. याला खर्च नाही, परदेशी यंत्र नको. फक्त एक अट आहे. शिक्षक बदलून गेला, विद्यार्थी पास होऊन गेला, तरी वही दुसऱ्याच्या हाती गेली पाहिजे.

बेगमपेठेतल्या त्या अनाम माणसाने आपला तारा लिहून ठेवला आणि तो निघून गेला. त्याच्या मागून आलेल्याला तो उपयोगी पडला. आपल्या मागून येणाऱ्यांसाठी आपण निदान आपल्या विहिरीचे पाणी तरी लिहून ठेवू या.