सेल भरला की थांबणारा चार्जर

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी दिलेली माहिती)



हप्ते जमा झाले, कर्जाचे अर्ज झाले. आता दहा मिनिटं माझं ऐका. आपल्या कोपरगाव भागात शेताची लाईट पुष्कळदा रात्रीची असते. उसाला दारं धरायला जायचं आणि त्याच उसात बिबट्याची भीती. अशा वेळी हातातली बॅटरी ही काही चैन नाही.

मागच्या हिवाळ्यात माझे वडील असेच पाणी द्यायला गेले आणि पाव तासात बॅटरी विझली. उसाच्या कडेने, मोठमोठ्याने बोलत ते अंधारात घरी आले. चूक माझी होती. सेल मीच चार्ज केले होते. एक नवा, एक जुना, आणि चार्जर जोडीने भरणारा साधा. जुना सेल लवकर संपला आणि त्याच्यामुळे नव्याचाही उपयोग झाला नाही.

साधा चार्जर सेलकडे बघत नाही. काही नुसते करंट देत राहतात, काही घड्याळ लावून ठराविक तासांनी बंद होतात. पण मध्येच लाईट गेली आणि परत आली, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू! भरलेला सेल आणखी तापतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते, ते मी सांगायला नको.

स्मार्ट चार्जर म्हणजे पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक समजा. टाकी भरली की पाणी आपोआप बंद. आपले चार्ज होणारे पेन्सिल सेल बहुतेक निकेल मेटल हायड्राइडचे असतात. भरताना त्यांचं व्होल्टेज वाढत जातं. पूर्ण भरले की ते अगदी किंचित खाली येतं आणि सेल तापायला लागतो. चार्जर हीच खूण ओळखून थांबतो. चांगल्या चार्जरमध्ये प्रत्येक खाण्याची तपासणी वेगळी असते, म्हणून एक सेल आधी भरला तरी दुसरा अर्धा राहत नाही. खराब सेल असेल तर तो दिवा लावून सांगतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सेलवर २००० एमएएच आणि चार्जरवर ५०० एमए लिहिलं असेल, तर २००० भागिले ५०० म्हणजे चार तास. थोडं वाया जातं, म्हणून पाच तास धरा.

आता एवढं लक्षात ठेवा:

१. सेलवर ‘रिचार्जेबल’ लिहिलेलं नसेल तर तो चार्जरला लावायचाच नाही. तो गळतो, फुटूही शकतो.

२. जुने-नवे सेल एकत्र वापरू नका. जोडीवर पेनाने खूण करा.

३. चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा. आकडा कमी दिसला म्हणून माल खोटा नाही.

४. भिंतीवरच्या घड्याळाला साधा सेलच परवडतो. चार्ज होणारे सेल रोजच्या बॅटरीसाठी घ्या.

५. फवारणी पंपाची बॅटरी वेगळी असते. तिला तिचाच चार्जर लावा. हंगाम संपल्यावर ती उतरलेली ठेवू नका, महिन्यातून एकदा चार्ज करा.

६. फुगलेला, गळका सेल चुलीत टाकू नका, मुलांच्या हाती देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. दुकानदाराला विचारा, ‘जुने परत घेता का?’

चार्जर प्रत्येकीने घ्यायलाच हवा असं नाही. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालतो. आधी घरी वर्षाला किती सेल लागतात ते मोजा, दुकानात भाव विचारा आणि पुढच्या बैठकीला आकडे घेऊन या. परवडत असेल तरच ठराव करू.

आणि आज रात्री घरचं कुणी दारं धरायला जाणार असेल, तर निघण्याआधी बॅटरी पाच मिनिटं लावून बघा. मी आता रोज बघते.