चार ऑगस्टच्या रात्रीनंतर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

फ्रेंच राज्यक्रांतीचे नाव निघाले की १४ जुलै १७८९ आणि बॅस्तिलचा पाडाव हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते स्वाभाविकही आहे. पॅरिसच्या कारागिरांनी आणि छोट्या दुकानदारांनी दारूगोळ्याच्या शोधात त्या किल्ल्यावर चाल केली, सुमारे शंभर माणसे गमावली आणि किल्ला घेतला. आत अवघे सात कैदी निघाले. परंतु राजाच्या मर्जीनुसार, चौकशीवाचून माणसाला डांबून ठेवण्याच्या सत्तेचे बॅस्तिल हे प्रतीक होते, आणि ते कोसळल्याचा आवाज साऱ्या युरोपात ऐकू गेला.

तथापि चळवळीच्या कार्यकर्त्याने या क्रांतीतील आणखी दोन तारखा ध्यानी ठेवल्या पाहिजेत. पहिली ४ ऑगस्ट १७८९. त्या रात्री व्हर्सायच्या राष्ट्रीय सभेत सरंजामशाहीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. दुसरी १७ जुलै १७९३. त्या दिवशी ते उच्चाटन कायद्याने खरोखर पुरे झाले. या दोन तारखांमध्ये जवळजवळ चार वर्षांचे अंतर आहे. ते अंतर का पडले आणि कोणी कापले, या प्रश्नाच्या उत्तरात राज्यक्रांतीचे मर्म सापडते.

प्रथम त्या काळचा फ्रान्स पाहू. लोकसंख्या सुमारे २ कोटी ८० लाख. दर पाच माणसांतील चार खेड्यांत राहणारी. समाज तीन श्रेणींत विभागलेला : धर्मगुरू, सरदार आणि उरलेले सर्व. पहिल्या दोन श्रेणींच्या हाती जमिनी, मानसन्मान आणि करांतील सवलती. तिसऱ्या श्रेणीच्या माथी कर. या साऱ्यांवर राजा, आणि राजावर कोणीही नाही. १७८७ च्या नोव्हेंबरात सरकारी कर्जाच्या प्रश्नावर पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेत कायदेशीरपणाचा आक्षेप निघाला, तेव्हा आपली इच्छा आहे म्हणूनच हे कायदेशीर आहे, असे उत्तर सोळाव्या लुईने दिले. अनियंत्रित राजसत्तेची याहून नेमकी व्याख्या कोणत्याही पंडिताला करता आली नसती.

परंतु इच्छेने तिजोरी भरत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडला शह देण्यासाठी फ्रान्सने पाण्यासारखा पैसा ओतला होता. १७८८ साली सरकारी खर्चाचा सुमारे निम्मा भाग जुन्या कर्जाची फेड व व्याज यांतच जात होता. सरदार कर देण्यास तयार नव्हते, आणि रयतेकडून आणखी काढण्यासारखे उरले नव्हते. त्यातच १७८८ ची सुगी बुडाली, जुलैत गारपिटीने उभी पिके झोपली आणि मागोमाग कडाक्याचा हिवाळा आला. पावाचे भाव चढत गेले. शहरातील मजुराची निम्म्याहून अधिक कमाई नुसत्या पावावर खर्च होऊ लागली. अशा वेळी राजाने १६१४ नंतर प्रथमच तिन्ही श्रेणींची सभा बोलावली. ती ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला भरली. १७ जूनला तिसऱ्या श्रेणीच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले आणि राज्यघटना तयार झाल्यावाचून पांगणार नाही, अशी शपथ २० जूनला घेतली.

हा झाला शहरातला आणि सभागृहातला इतिहास. खेड्यात काय चालले होते?

फ्रेंच शेतकरी बहुतांशी भूदास नव्हता. पुष्कळांच्या नावावर जमिनीचा तुकडा होता. परंतु त्या तुकड्यावर धन्याचे हक्क वेलींसारखे लपेटलेले होते. रोख जमीनपट्टी धन्याला. पिकाचा वाटा धन्याला. जमीन विकली तर किमतीचा हिस्सा धन्याला. धान्य धन्याच्याच गिरणीत दळायचे, पाव धन्याच्याच भट्टीत भाजायचा, द्राक्षे धन्याच्याच घाण्यात पिळायची, आणि प्रत्येक वेळी मोबदला मोजायचा. धन्याची कबुतरे पेरलेले बी टिपून जात; त्यांना मारण्याचा अधिकार शेतकऱ्याला नव्हता. शिकार हा धन्याचा हक्क असल्याने हरणे आणि ससे उभे पीक खात. याखेरीज चर्चचा दशांश, राजाचा कर आणि मिठावरील जाचक कर. हे सारे हक्क कोणत्या शेताकडून किती येणे आहेत याच्या नोंदी धन्याच्या वाड्यातील दप्तरांत काटेकोरपणे जपलेल्या असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तज्ज्ञ कारकून नेमून विसरले गेलेले हक्कही जुन्या कागदांतून उकरून काढले जाऊ लागले.

सभेपूर्वी राजाच्या आज्ञेवरून गावोगाव गाऱ्हाण्यांची पत्रके लिहिली गेली. आपले दुःख कागदावर उतरले, राजधानीला गेले, आता निवारण होणारच, अशी आशा हजारो खेड्यांत जागी झाली. जुलैच्या उत्तरार्धात या आशेला भीतीची जोड मिळाली. सरदारांनी दरोडेखोरांच्या टोळ्या सोडल्या आहेत आणि त्या उभे पीक कापून नेणार आहेत, अशी अफवा एका गावातून दुसऱ्या गावात वणव्यासारखी पसरली. शेतकरी विळे, कोयते, काठ्या घेऊन बाहेर पडले. दरोडेखोर आलेच नाहीत. पण हाती शस्त्र घेतलेला शेतकरी रिकामा परतला नाही. अनेक भागांत तो धन्याच्या वाड्यावर गेला. इतिहासकार जॉर्ज लफेव्र याने या महाभीतीचा सविस्तर अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध केला. त्यातून जे चित्र उभे राहते त्यात मनुष्यहत्या थोडी दिसते. शेतकऱ्यांनी मागितली ती दप्तरे, आणि जाळली ती दप्तरे. कोणता कागद आपल्याला बांधून ठेवतो हे निरक्षर माणसाला अचूक ठाऊक होते.

४ ऑगस्टची रात्र या ज्वाळांच्या उजेडात पाहिली पाहिजे. सरदार नोआय याने प्रथम सरंजामी हक्क सोडण्याचा प्रस्ताव मांडला. राज्यातील सर्वांत धनाढ्य जमीनदारांपैकी एक असलेल्या एगियोंच्या ड्यूकने त्याला पाठिंबा दिला. मग त्यागाची जणू स्पर्धा लागली. शिकारीचे हक्क, दशांश, प्रांतांचे विशेषाधिकार, विकत घेतलेली न्यायपदे, एकामागून एक सोडून देण्यात आली. सभासद सद्गदित झाले. त्यांच्या भावना खोट्या होत्या असे म्हणण्याचे कारण नाही. पण प्रांतोप्रांतीचे वाडे पेटले नसते तर ही उदारता त्या रात्री जागी झाली असती काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

११ ऑगस्टला ठरावांचा अंतिम मसुदा संमत झाला. राष्ट्रीय सभा सरंजामी व्यवस्था संपूर्णपणे नष्ट करीत आहे, अशी त्याची सुरुवात होती. खेड्यात एवढेच ऐकू गेले, आणि शेतकऱ्याने ते अक्षरशः खरे मानले. खालची कलमे मात्र निराळी भाषा बोलत होती. वेठबिगारीसारखी वैयक्तिक दास्याची बंधने विनामोबदला रद्द झाली. पण जमिनीशी निगडित देणी ही मालमत्ता मानली गेली. ती रद्द व्हायची होती शेतकऱ्याने भरपाई दिल्यावर. तोवर ती पूर्ववत भरायची होती. सभेतील वकील, व्यापारी आणि अधिकारी यांच्यापैकी काहींनी स्वतःच असे हक्क विकत घेतलेले होते. मालमत्ता पवित्र व अनुल्लंघनीय आहे, हे मानवी हक्कांच्या २६ ऑगस्टच्या जाहीरनाम्याचे शेवटचे कलम तेही विसरले नव्हते.

१७९० च्या मार्च आणि मे महिन्यांत तपशील ठरले. रोख देण्यातून सुटका हवी असेल तर वार्षिक रकमेची वीसपट भरपाई. धान्याच्या रूपातील देण्यासाठी पंचवीसपट. म्हणजे पंचवीस सुगींचा वाटा एकदम मोजेल तो शेतकरी मोकळा. शिवाय हक्काचा मूळ पुरावा देण्याची जबाबदारी धन्यावर नव्हती. देणे लागू नाही हे सिद्ध करायचे ते शेतकऱ्याने. ज्याच्या बापजाद्यांना अक्षरओळख नव्हती त्याने कागद आणायचा होता!

शेतकऱ्याने कागद आणला नाही. त्याने देणे थांबवले. पुढील तीन वर्षांचा ग्रामीण फ्रान्सचा इतिहास हा या नकाराचा इतिहास आहे. भरपाई भरून मुक्त होणारे थोडे निघाले. टाळाटाळ करणारे, न्यायालयात खेचले जाणारे, वसुलीला आलेल्या माणसाला गावाबाहेर घालवणारे असंख्य निघाले. नैर्ऋत्येकडील पेरिगोर व केर्सी या भागांत १७९० च्या हिवाळ्यात गावकऱ्यांनी चौकाचौकांत उंच खांब उभारले. आता देणी संपली, असा त्यांचा अर्थ होता. सरकारने सैनिक पाठवून ते खांब पाडले, गावांनी ते पुन्हा उभारले. १७९२ च्या वसंतात दक्षिण फ्रान्समध्ये पुन्हा वाडे पेटले.

राजधानीतही हाच धडा गिरवला जात होता. ऑगस्टच्या ठरावांना मान्यता देण्याचे राजा टाळीत होता. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या हजारो स्त्रिया, त्यांत बाजारातील विक्रेत्या पुष्कळ, पावसात चालत व्हर्सायला गेल्या. त्यांची मागणी पावाची होती. पण राजाने ठरावांना व जाहीरनाम्याला संमती दिली ती याच दडपणाखाली, आणि दुसऱ्या दिवशी राजकुटुंबाला पॅरिसला यावे लागले. जून १७९१ मध्ये राजा वेषांतर करून पळाला आणि व्हारेन येथे पकडला गेला. तरीही सभेतील बहुमताला राजा हवाच होता, कारण राजाच्या मागोमाग मालमत्तेची व्यवस्थाही जाईल अशी भीती होती. १७ जुलै १७९१ रोजी राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करण्यासाठी जमलेल्या लोकांवर पॅरिसमध्ये गोळीबार झाला. बॅस्तिल पडून दोन वर्षे आणि तीन दिवसच झाले होते आणि गोळ्या झाडणारे क्रांतीचेच रक्षकदल होते.

एप्रिल १७९२ मध्ये युद्ध सुरू झाले. १० ऑगस्टला पॅरिसच्या जनतेने राजवाडा काबीज केला आणि राजेशाही कोसळली. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांत, २५ ऑगस्टला, पुराव्याची बाजू उलटली : मूळ दस्तऐवज धन्याने दाखवावा, नाहीतर देणे रद्द. अखेर १७ जुलै १७९३ रोजी राष्ट्रीय परिषदेने उरलेली सरंजामी देणी विनामोबदला रद्द केली आणि हक्कांची दप्तरे जाळण्याचा हुकूम दिला. शेतकऱ्यांनी चार वर्षांपूर्वी जे केले म्हणून त्यांना दंगेखोर म्हटले गेले, तेच आता कायदा करीत होता. त्या वेळी प्रजासत्ताक शत्रूंनी वेढलेले होते, प्रांतांत बंडे उसळली होती आणि शेतकऱ्याची साथ मिळाल्यावाचून तगणे अशक्य होते, हेही येथे नोंदले पाहिजे.

या विजयाच्या मर्यादा झाकून ठेवणे कार्यकर्त्याला शोभणारे नाही. देणी संपली ती ज्याच्याजवळ जमीन होती त्याची. चर्चच्या जमिनी लिलावात निघाल्या, त्यांतील मोठा भाग पैसेवाल्यांनी घेतला. कुळांच्या बाबतीत तर रद्द झालेल्या दशांशाची रक्कम खंडात मिळवून घेण्याची मुभा जमीनमालकांना दिली गेली. जून १७९१ च्या ल शापलिए कायद्याने कामगारांच्या संघटना आणि संप बेकायदा ठरले. स्त्रियांनी राजाला पॅरिसला आणले, पण मताधिकार त्यांना मिळाला नाही. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी ऑलिम्प द गूज नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनवर चढली. वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली ती फेब्रुवारी १७९४ मध्ये, सँ-दोमँगच्या गुलामांनी १७९१ पासून स्वतःच बंड पुकारल्यावर. नेपोलियनने १८०२ साली ती पुन्हा आणली. आणि दहशतीच्या काळात सुमारे सतरा हजार माणसांना न्यायालयांच्या निकालांनी मृत्युदंड झाला, हे ओझे समतेच्या कोणत्याही पुरस्कर्त्याने हलके लेखू नये. ज्या जनतेच्या नावाने दहशत चालली तिचीच मंडळे व सभा त्याच काळात बंद पाडण्यात आल्या. जनता गप्प झाल्यावर जुलै १७९४ मध्ये क्रांतिकारक सरकार कोसळले, तेव्हा त्याच्या बचावाला फारसे कोणी धावले नाही.

तरीही एक गोष्ट उरली. १८१४ साली राजे परत आले, सरदार परत आले. परंतु धन्याची गिरणी, धन्याची भट्टी आणि पिकातील वाटा परत आला नाही. कोणत्याही राजाला तो परत आणण्याचे धैर्य झाले नाही. सभागृहाने दिलेले सभागृह काढून घेऊ शकते. गावाने मिळवलेले काढून घेणे कठीण असते. आणि जुन्या हक्कांची दप्तरे चाळण्याचा व्यवसाय करणारा बाबफ हा कारकून पुढे जमिनीवरील खासगी मालकीलाच आव्हान देऊन १७९७ मध्ये मृत्यूला सामोरा गेला. त्या कागदांत त्याने काय वाचले असेल याची कल्पना करता येते.

मित्रहो, या इतिहासाचा महाराष्ट्राशी संबंध ओढूनताणून आणलेला नाही. या क्रांतीच्या समर्थनार्थ टॉमस पेनने लिहिलेला मानवी हक्कांवरील ग्रंथ जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला. पण चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, हजारोंच्या पायांनी चालत गेल्यावर. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या दुसऱ्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी केली. न्यायालयातील वाद मात्र १९३७ पर्यंत चालला.

घोषणा ही क्षुद्र गोष्ट नव्हे. ४ ऑगस्टची रात्र झाली नसती तर पेरिगोरच्या गावकऱ्याला खांब उभारताना आपली बाजू न्यायाची आहे असे म्हणता आले नसते. पण ठराव संमत झाला की काम संपले, असे ज्याला वाटते त्याने खालची कलमे वाचावीत, भरपाई कोणी भरायची आहे ते पाहावे, पुरावा कोणाकडे मागितला जातो ते पाहावे. आणि मग गावात जावे.