अधिकार सोडणारा मंत्री

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वर हें गांव व त्याच नांवाचें धरण आहे. वरच्या बाजूस येलदरीला वीज निर्माण करून सुटलेलें पाणी येथें अडवावयाचें व कालव्यांनीं वसमतकडील काळ्या रानांत न्यावयाचें, अशी ही योजना. ह्या पाण्यावर ऊंस होतो, आणि वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखानाही आहे. परंतु ऊंस पिकविण्यास पाणी पुरें असलें, तरी तो गाळण्याचा कारखाना काढावयाचा तर एके काळीं दिल्लीचा परवाना लागे. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्यानें कोणता माल, किती आणि कोठें काढावा, हें सारें सरकारी मेजावर ठरत असे.

ही राजवट ज्यांच्या हातून मोडली, ते पी. व्ही. नरसिंह राव ह्या मुलखाला परके नव्हते. सिद्धेश्वरचीं माणसें ज्या निजामी राज्याची प्रजा होतीं, त्याच राज्याच्या तेलंगणांत त्यांचा जन्म १९२१ सालीं झाला. शिक्षण पुण्यास व नागपुरास झालें. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनीं तेलुगूंत नेली, आणि रामटेकचे ते खासदारही होते.

२१ जून १९९१ रोजीं ते पंतप्रधान झाले, तेव्हां देशाच्या परदेशी चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली होती. अर्थखातें त्यांनीं डॉ. मनमोहन सिंग यांस दिलें. उद्योगखातें मात्र स्वतःकडे ठेविलें. लोकांचें लक्ष पहिल्या खात्याकडे गेलें; खरी मोडतोड दुसऱ्यांत झाली. नव्या धोरणाचा मसुदा मंत्रिमंडळापुढें आला, तेव्हां नेहरूंची वाट सोडली जाते म्हणून कुरबूर झाली. रावांनीं वाद घातला नाहीं. हें धोरण जुन्याचाच पुढील टप्पा आहे, अशी प्रस्तावना जोडण्यांत आली. मूळ कलमें जवळजवळ तशींच राहिलीं. २४ जुलै रोजीं अंदाजपत्रकापूर्वीं कांहीं तास तें निवेदन संसदेंत राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनीं मांडलें. अठरा उद्योग वगळून बाकीच्यांचा परवाना गेला. शंभर कोटींवर मालमत्ता असलेल्या कारखानदारास वाढीसाठीं जी वेगळी संमति घ्यावी लागे, तीही गेली. पुढल्या वर्षीं भांडवल-उभारणीवर देखरेख करणारें नियंत्रकाचें कार्यालयच बंद झालें. मंत्र्याची सही ही त्याची मिळकत असते; ती आपण होऊन टाकणारा मंत्री विरळा.

गंमत अशी कीं, त्या अठरांत साखर होती! सिद्धेश्वरच्या कालव्यावरील उंसाला १९९१ चें वारें लागलेंच नाहीं. साखरेचा परवाना १९९८ च्या ऑगस्टांत उठला. सरकारला स्वस्तांत साखर देण्याची कारखान्यांवरील सक्ती व दरमहाच्या विक्रीचें बंधन २०१३ सालीं गेलें. पैकीं विक्रीचें बंधन २०१८ सालीं परत आलें. दोन कारखान्यांमधील अंतराची अट तर परवान्यामागून राहिली, आणि महाराष्ट्रांत ती वाढवून २५ किलोमीटर करण्यांत आली. तोडलेला ऊंस दिवसागणिक वजनांत घटतो. त्यामुळें जवळ दुसरा गिऱ्हाईक नसला म्हणजे शेतकऱ्यास आहे त्याच कारखान्याच्या तोडणीची वाट पाहावी लागते. ही अट जावी असें तो म्हणतो. उंसाचा किमान दर मात्र केंद्र सरकारच ठरवितें, आणि तें नियंत्रण उठावें असें तोच शेतकरी सहसा म्हणत नाहीं.