ओढ्याचा पूल आणि पंचायतीची तिजोरी

गोदावरी आपल्या जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून वाहते. ती फुगली म्हणजे तिला मिळणारे ओढे मागे तुंबतात आणि फरशी पूल पाण्याखाली जातात. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याने हे पुन्हा अनुभवले. शाळा उघडी असते. पण पोरे अलीकडे आणि गुरुजी पलीकडे! एखादी बाळंतीण अडली तर गोष्ट जिवावरच येते.

पूर ओसरला की आपण मुरूम टाकतो. पुढल्या पावसात तो वाहून जातो. मग म्हणतो, "पंचायतीजवळ पैसा कुठे आहे?" तेव्हा कायदा काय सांगतो ते पाहू या.

रस्ते, मोऱ्या व पूल बांधणे, दुरुस्त ठेवणे ही कामे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीकडे सोपविली आहेत. कलम 124 प्रमाणे तिला घरपट्टी बसविता येते. कलम 133 प्रमाणे जिल्हा ग्रामविकास निधी असतो. तो पंचायतींच्याच वर्गणीतून साठतो आणि त्यातून पंचायतीला कर्ज काढता येते. एवढ्यात मोरी होईल, भरावाला दगडी पिचिंग होईल. उंच पूल व्हावयाचा नाही. त्यासाठी जिल्हा परिषद व जिल्हा नियोजन समिती यांच्याकडे गेले पाहिजे.

आणखी एक वाट 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आहे. त्यात दोन निधी निरनिराळे सांगितले आहेत. एक आपत्ती आल्यानंतर धावून जाण्यासाठी, दुसरा तिची झळ आधीच कमी करण्यासाठी. पूल उंच करण्याची मागणी या दुसऱ्यात बसू शकते. आपला अर्ज मात्र बहुधा पहिल्यासाठीच असतो, आणि तोही पूर येऊन गेल्यावर!

मग करावयाचे काय? प्रथम, आपला रस्ता जिल्हा परिषदेच्या नोंदीत आहे का ते पाहावे. नोंद नसलेल्या वाटेला निधी मिळणे कठीण. दुसरे, पाणी कोठवर चढले त्याची खूण पक्क्या दगडावर रंगवून ठेवावी. वाट किती दिवस बंद राहिली हे गुरुजींनी हजेरीपटावरून लिहून काढावे. पुलाची उंची ठरविताना अभियंत्याला याचा उपयोग होतो. तिसरे, हे काम ग्रामसभेच्या ठरावाने गावाच्या विकास आराखड्यात घालावे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला पुराची आठवण ताजी असते. ठराव त्याच दिवशी व्हावा.